काचेवरची बोटे, काचेवरचे पेन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप बोटांनी किंवा पेनने चालवताना कोणत्या अडचणी येतात, असे गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. गोव्यातील पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली, आणि त्यांतील बहुतेकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने होतेच : “मी काहीच केले नाही, तरी स्क्रीन भलतीकडे गेली.” हे वाक्य खोटे नाही. बटण डोळ्यांना दिसते आणि त्यावर काही चिन्ह तरी असते; बोटांची खूण, म्हणजे ज्याला आता सर्रास ‘गेश्चर’ म्हणतात ती, कुठेच लिहिलेली नसते. यंत्र ती ओळखून काम करून मोकळे होते आणि आपण ती केली याचा आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून येथे कोणती खूण कशी करावी एवढ्यावर न थांबता, यंत्र ती कशावरून ओळखते हेही शक्य तेथे सांगितले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मुलाने पुण्याहून नवा अँड्रॉइड फोन पाठवला आहे. जुन्या फोनवर तळाला तीन बटणे होती, यावर ती नाहीत. वर्तमानपत्राचे पान उलटावे म्हणून कडेपासून बोट सरकवले, की वर्तमानपत्रच बंद होते. दुकानदार म्हणतो, “बाई, आता सगळे फोन असेच.” हे खरे आहे का?
— निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : अर्धे खरे आहे. २०१७ मध्ये ॲपलने आयफोन एक्स आणला तेव्हा तळाचे गोल बटण काढून टाकले आणि त्याच्या जागी तळाच्या कडेवरून बोट वर सरकवण्याची खूण दिली. अँड्रॉइडने २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, तीच वाट धरली आणि वर आणखी एक भर घातली : स्क्रीनच्या डाव्या किंवा उजव्या उभ्या कडेपासून बोट आत आले, तर त्याचा अर्थ ‘मागे जा’ असा घ्यायचा. आपण आयुष्यभर पुस्तकाचे पान कडेला धरून उलटत आलात, त्यामुळे बोट सवयीने कडेवरच टेकते, आणि नेमक्या त्याच पट्टीवर फोनने आपला हक्क सांगितलेला असतो.

एकदा फोन हातात घेऊन हे करून पाहावे. अंगठा अगदी कडेवर, जवळजवळ कव्हरवरच, टेकवावा आणि न उचलता सावकाश आत आणावा. कडेला एक लहानसा बाण उमटेल. हा बाण दिसत असेपर्यंत फोनने काहीही केलेले नसते, तो फक्त आपण बोट उचलण्याची वाट पाहत असतो. अंगठा तसाच टेकलेला ठेवून पुन्हा कडेकडे नेला, की बाण विरून जातो आणि काहीच घडत नाही. तिथेच उचलला, की फोन मागे जातो. आता तीच हालचाल कडेपासून दोन बोटे अंतर सोडून करावी. या वेळी पान उलटेल. हालचालीत काडीचाही फरक नव्हता, फरक होता तो सुरुवातीच्या जागेत.

जवळजवळ सगळ्या खुणांचे गणित असेच असते. बोट कुठे टेकले, किती बोटे टेकली, किती वेळ टेकून राहिली आणि मग कोणत्या दिशेने सरकली, एवढ्याच गोष्टी यंत्राला कळतात. “असे का झाले?” हा प्रश्न पडला, की या चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात, उत्तर बहुधा पहिल्या दोहोंतच सापडते.

आणि तीन बटणे परत हवी असतील, तर ती मिळतात. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘गेश्चर्स’ आणि त्यात ‘नॅव्हिगेशन मोड’ अशी वाट असते. सॅमसंगच्या फोनवर ‘डिस्प्ले’मध्ये ‘नॅव्हिगेशन बार’ पाहावा. नावे कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत ‘नॅव्हिगेशन’ एवढाच शब्द टाकणे सर्वांत सोपे. बटणे न आणता केवळ कडेची संवेदनशीलता कमी करण्याची सोयही तिथेच असते. माझे मत विचाराल तर खुशाल बटणे परत आणावीत. त्यात काहीच मागासलेपण नाही; स्क्रीनच्या तळाची एक बारीक पट्टी तेवढी खर्ची पडते.

प्रश्न : दोन बोटांनी चिमटी उघडून फोटो मोठा करण्याची युक्ती कोणी शोधली? आयफोनच्या आधी ती होती का? आणि किती मोठा करायचा हे फोनला कसे कळते?
— इयत्ता नववीतील विद्यार्थी, डिचोली

उत्तर : होती, आणि चांगली पंचवीस वर्षे आधीपासून तिची तयारी चालू होती. टोरोंटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ साली एकाच वेळी अनेक स्पर्श ओळखणारे उपकरण तयार केले होते. त्यात दुधी काचेच्या मागे कॅमेरा बसवलेला होता. काचेवर बोट टेकले, की कॅमेऱ्याला पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा ठिपका दिसे, आणि जितकी बोटे तितके ठिपके. साधारण त्याच काळात अमेरिकेत मायरन क्रूगर हे कॅमेऱ्यासमोर धरलेल्या हातांची आकृती पडद्यावर आणून, अंगठा आणि तर्जनी यांमधील अंतराने चित्रे ताणून दाखवत होते. तिथे काचेला हात लावायचाही प्रश्न नव्हता.

पुढचा टप्पा मला स्वतःला अधिक मनोरंजक वाटतो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन हा विद्यार्थी प्रबंध लिहीत असताना सततच्या टायपिंगमुळे त्याचे हात दुखू लागले, आणि बोटांवर जोर न देता संगणक चालवता यावा म्हणून तो आणि त्याचे प्राध्यापक जॉन इलियास यांनी केवळ स्पर्शावर चालणारे पॅड बनवायला घेतले. १९९८ मध्ये त्यांनी फिंगरवर्क्स ही कंपनी काढली आणि २००५ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. २००६ मध्ये जेफ हॅन यांनी मोठ्या टेबलाएवढ्या स्क्रीनवर दोन्ही हातांनी चित्रे ओढून, ताणून आणि फिरवून दाखवली, आणि २००७ मध्ये आयफोन आला. म्हणजे ‘शोधक कोण’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. कोर्टकचेऱ्या मात्र झाल्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात गाजलेल्या ॲपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात एक पेटंट असे होते, की एका बोटाने सरकवणे आणि दोन बोटांनी लहानमोठे करणे यांतला भेद यंत्राने कसा ओळखावा, हाच त्याचा विषय होता.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर तुझ्या भूमितीच्या पुस्तकात आहे. दोन बोटे टेकली, की फोन त्या दोन बिंदूंमधील अंतर मोजतो. समज, ते सुरुवातीला २ सेंटिमीटर होते आणि बोटे उघडल्यावर ५ सेंटिमीटर झाले, तर चित्र अडीच पट होते. नुसते अडीच पट केले तर ते बोटांखालून निसटून जाईल, म्हणून चित्र अशा बेताने सरकवायचे, की सुरुवातीला ज्या बोटाखाली चित्रातला जो बिंदू होता तोच बिंदू शेवटीही त्याच बोटाखाली राहील. दोन बिंदू ठरले, की चित्र किती सरकले, किती वाढले आणि किती फिरले हे सारे ठरते. तिसऱ्या बोटाची गरजच उरत नाही. नकाशा उघड, मांडवीच्या पुलावर एक बोट आणि झुआरीच्या पुलावर दुसरे ठेव आणि बोटे फिरवून पाहा. दोन्ही पूल बोटांना चिकटून राहतील आणि मधली तिसवाडी फिरेल.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेतील नाटकाला मी गेली अनेक वर्षे प्रॉम्प्टिंग करतो. वहीऐवजी यंदा संहिता टॅब्लेटवर घेतली. विंगेत उकाडा, बोटांना घाम. दुसऱ्या अंकात पाने आपोआप पुढे पळाली आणि नायकाला मी पुढच्या प्रवेशाचे वाक्य दिले. बॅटरी उतरली म्हणून चार्जर लावला, तर कोणी हात न लावताही पाने उलटू लागली. टॅब्लेट सदोष आहे का?
— एक हौशी रंगकर्मी, केपे

उत्तर : टॅब्लेट बहुधा धडधाकट आहे. आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी या काचेच्या स्वभावातल्याच आहेत.

आजच्या टॅब्लेटची काच दाब ओळखत नाही, वीज ओळखते. काचेखाली पारदर्शक वाहकाच्या बारीक उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक छेदबिंदूवर अगदी क्षीण विद्युतक्षेत्र असते. माणसाचे शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ आले, की तिथले क्षेत्र किंचित घटते आणि ही घट कोणत्या छेदबिंदूंवर झाली यावरून बोटाची जागा काढली जाते. (म्हणूनच नखाने किंवा कोरड्या लाकडी काडीने ही स्क्रीन चालत नाही, पण हातात धरलेल्या केळ्याने चालते. चवथीच्या दिवसांत गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून खात्री करून घेण्यास हरकत नाही.) ही कल्पना जुनी आहे : इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये तिच्याविषयी लिहिले ते विमान-वाहतुकीच्या नियंत्रणाच्या संदर्भात, आणि १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुंपे यांनी तेथील महाकाय कणत्वरक यंत्राच्या नियंत्रणकक्षासाठी तशा काचा तयार केल्या. त्या खोल्यांना वातानुकूलन होते. आपल्या विंगेला नाही.

घाम हेही खारे पाणीच, त्यामुळे तोही वाहक. बोटाखाली त्याचा ओला ठसा पसरला, की यंत्राला बोट फुगल्यासारखे किंवा सरकल्यासारखे भासते, आणि बोट उचलल्यावरही ओलसर डाग मागे राहिला तर जाळीचे गणित चुकते. चार्जरची गोष्ट निराळी. स्वस्त किंवा बिघडलेल्या चार्जरमधून विजेची नको ती थरथर टॅब्लेटपर्यंत पोहोचते, आणि ज्या सूक्ष्म बदलावरून स्पर्श ओळखायचा तोच तिच्यात बुडून जातो. मग कोणी हात न लावता यंत्राला बोटे ‘दिसतात’. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगला अर्थिंग धड नसले, तर त्रास वाढतो.

उपाय असे करता येतील. खेळादरम्यान चार्जर लावूच नये. लागलाच तर पॉवर बँक वापरावी, कारण तिचा भिंतीतल्या विजेशी संबंध नसतो. संहिता वरून खाली सरकत जाणारी न ठेवता एकेक पान उलटणारी ठेवावी, म्हणजे बोट घसरले तरी फार तर एक पान जाईल, अख्खा प्रवेश जाणार नाही. खिशात कोरडा सुती रुमाल ठेवून काच आणि बोट दोन्ही पुसत राहावे. आयपॅड असेल तर ‘गाइडेड ॲक्सेस’ ही सोय अवश्य पाहावी : ती सुरू केल्यावर दुसरे ॲप उघडता येत नाही, आणि स्क्रीनचा जो भाग स्पर्शाला बंद करायचा त्याभोवती बोटाने वर्तुळ काढले, की तो भाग निपचित पडतो. अँड्रॉइडवर ॲप पिन करण्याची सोय आहे, ती याच्या निम्मेच काम करते. पायाने दाबण्याचे ब्लूटूथ पेडलही मिळते. गायक-वादक नोटेशनची पाने उलटण्यासाठी ते वापरतात, आणि प्रॉम्प्टरला त्याहून सोयीचे काही नाही, कारण एका हातात टॉर्च असतोच.

आणि हे सगळे केले तरी पहिल्या खेळाला वही जवळ असू द्यावी.

प्रश्न : मी फर्मागुडीला शिकते आणि जुन्या घरांचे बाल्कांव, मंगेशीचा दीपस्तंभ अशी रेखाटने टॅब्लेटवर करू पाहते. ऑनलाइन घेतलेल्या पेनने रेष एकाच जाडीची येते, आणि तळहात टेकला की तिथेही रेघा उमटतात. कोणते पेन घ्यावे?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी

उत्तर : पेनच्या आधी टॅब्लेट पाहावा लागतो, कारण चांगले पेन हे कुठल्याही कागदावर चालणाऱ्या बोरूसारखे नसते, ते कुलपाच्या किल्लीसारखे असते.

रबरी टोकाचे स्वस्त पेन म्हणजे केवळ लांब, बारीक बोट. ते काचेला बोटासारखेच भासते, त्यामुळे ते कोणते आणि तळहात कोणता हे टॅब्लेट सांगू शकत नाही, आणि दाब तर त्याला कळतच नाही. खरे पेन टॅब्लेटशी बोलते. याच्या दोन मुख्य जाती आहेत. वाकोम या १९८३ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या पद्धतीत स्क्रीनमागचा फलक चुंबकीय लहरी सोडतो, पेनमधील वेटोळे त्यांतून ऊर्जा घेऊन उत्तर देते, म्हणून पेनला बॅटरीच लागत नाही; २०११ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोटपासून फोनवर ही पद्धत रुळली. दुसऱ्या जातीत पेनमध्ये बॅटरी असते आणि ते स्वतःच संदेश सोडते. २०१५ मध्ये आलेली ॲपल पेन्सिल या जातीतली. ज्या कंपनीच्या प्रमुखाने २००७ मध्ये पेनची जाहीर टिंगल केली होती, तिनेच आठ वर्षांनी पेन विकायला काढले, हा या क्षेत्रातला मासलेवाईक प्रसंग.

तळहाताचा प्रश्न दोन्ही जातींत सारख्याच रीतीने सुटतो. पेनचे टोक काचेपासून सुमारे १ सेंटिमीटरवर आले, की टॅब्लेटला ते कळते आणि तेवढा वेळ तो बोटांकडे व तळहाताकडे काणाडोळा करतो. म्हणून आधी पेन जवळ आणावे आणि मग हात टेकवावा. उलट क्रमाने केले तर पहिली रेघ तळहाताची पडते. बहुतेक चित्रकलेच्या ॲपमध्ये ‘फक्त पेननेच रेखाटन’ असा पर्यायही असतो, तो सुरू ठेवला म्हणजे बोटे खुणांसाठी मोकळी राहतात. प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्ये दोन बोटे टेकवली की शेवटची रेघ मागे घेतली जाते आणि तीन टेकवली की परत येते. उजव्या हाताने रेघ आणि डाव्या हाताची दोन बोटे तिला पुसायला तयार, अशी सवय आठवडाभरात जडते.

घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. पेन दाब ओळखते का, हा पहिला प्रश्न. जाहिरातीत कललेपण ओळखण्याविषयी मोठ्या अक्षरांत लिहून दाबाविषयी मौन पाळलेले असते. ॲपलची २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी जोडणीची स्वस्त पेन्सिलही दाब ओळखत नाही, तेव्हा नावावर जाऊ नये. दुसरा प्रश्न, ते आपल्याच मॉडेलवर चालते का. दाबाच्या ४०९६ पायऱ्या की ८१९२, या आकड्यांची फार चिंता नको. हाताला तो फरक कळत नाही. मारिओ मिरांडांच्या चित्रांत माडाच्या झावळीची रेष जाडपणाकडून केसाएवढी बारीक होत जाते, ती मनगटातून येते. पेनने तिला अडवले नाही म्हणजे झाले.

प्रश्न : कीर्तनाची टिपणे मी हाताने लिहितो. टॅब्लेटवर हाताने मराठी लिहिले तर ते छापील अक्षरांत येते असे ऐकले. प्रयत्न केला तेव्हा ‘भजन’चे ‘मजन’ झाले. माझे अक्षर वाईट नाही!
— एक कीर्तनकार, साखळी

उत्तर : आपले अक्षर चांगले आहे म्हणूनच तसे झाले असावे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांत भेद दाखवणारी मुख्य गोष्ट म्हणजे शिरोरेषेतील खंड आणि त्याशेजारची गाठ. वळणदार लिहिणारा माणूस शब्द संपल्यावर शिरोरेषा एका झपाट्यात सबंध शब्दावरून ओढतो, आणि त्या झपाट्यात खंड बुजला की ‘भजन’ हा शब्द वाचणाऱ्या माणसाला भजनच वाटतो, कारण त्याला कीर्तन ठाऊक असते. यंत्राला ‘म’ दिसतो. मी हे स्वतः ‘धर’ आणि ‘घर’ लिहून पाहिले. रेषा ‘ध’च्या डाव्या गाठीला न शिवता केवळ काना आणि ‘र’ यांवरून ओढली, की शब्द बरोबर येतो. शिरोरेषा अजिबात न देताही पाहावे, पुष्कळदा तेही चालते.

अशी ओळख कागदाचा फोटो काढून वाचण्यापेक्षा वेगळी असते. फोटोत तयार झालेले अक्षर असते. इथे पेन कुठे टेकले, कोणत्या दिशेने गेले, कुठे उचलले हा सारा क्रम यंत्राजवळ असतो. जे माणसाला दिसत नाही ते यंत्राला दिसते आणि माणसाला सहज समजते ते त्याला समजत नाही, असा हा अजब वाचक आहे. त्याच्याशी माणसांनी दोन प्रकारे जुळवून घेतले. १९९३ च्या ॲपल न्यूटन या हातात मावणाऱ्या संगणकाने कोणाचेही हस्ताक्षर वाचण्याचा चंग बांधला आणि चुकांमुळे चेष्टेचा विषय झाला. १९९६ च्या पाम पायलट या तशाच यंत्राने उलटे केले, माणसालाच नवी मुळाक्षरे शिकवली : प्रत्येक अक्षर पेन न उचलता एका फटकाऱ्यात, इंग्रजी ‘ए’ तर मधली दांडी गाळून नुसता उलटा ‘व्ही’. लोकांनी ती शिकली. आपल्याला यात नवल वाटू नये, कारण लेखणी कमीत कमी उचलावी म्हणून आपल्याकडे मोडी होतीच, आणि तिच्यात तर शिरोरेषा आधीच पानभर ओढून ठेवत.

आता कृती. अँड्रॉइडवर गूगलचा जीबोर्ड कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’मधून मराठी निवडावी आणि तिच्या मांडण्यांपैकी ‘हँडरायटिंग’ ही घ्यावी. कीबोर्डच्या जागी लिहायला मोकळी चौकट येते. शब्द पूर्ण लिहून क्षणभर थांबावे, अक्षरागणिक थांबू नये, कारण शेजारच्या अक्षरांवरून यंत्र शब्दाचा अंदाज बांधते. अभंगातील जुनी रूपे त्याला फारशी ठाऊक नसतात, तिथे चुका होणारच. चुकलेला शब्द खोडण्यासाठी त्यावर नागमोडी गिरगटण्याची खूण काही यंत्रांवर चालते. ॲपलने २०२० मध्ये आयपॅडवर इंग्रजीसारख्या भाषांसाठी ती दिली तेव्हा तिचे कौतुक झाले, परंतु अमेरिकेतील रँड संस्थेच्या ग्रेल या प्रणालीत १९६० च्या दशकाच्या अखेरीसच पेनने गिरगटून खोडता येत होते. खोडायचे म्हणजे गिरगटायचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. बिनलिखित खुणांत एवढी समंजस खूण दुसरी नाही.

प्रश्न : दुकानात लॅपटॉपवर बिल करताना टचपॅडवर बोटे लागतात आणि बिलाची विंडो एकदम गायब होते. गिऱ्हाईक समोर उभे असते.
— किराणा व्यापारी, म्हापसा

उत्तर : विंडोजमध्ये टचपॅडवर तीन बोटे खाली सरकली, की सगळ्या विंडो बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, बिल कुठेही गेलेले नसते. तीच तीन बोटे वर सरकवावीत, परत येते. वारंवार होत असेल तर सेटिंग्जमधील ‘टचपॅड’ या भागात तीन आणि चार बोटांच्या खुणा बंद कराव्यात. दोन बोटांनी पान सरकवणे तेवढे राहू द्यावे. साधा माउस स्वस्तात मिळतो, आणि गल्ल्यावर तोच बरा.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. ॲप उघडायला बोट लावतात, तर ॲपची जागाच बदलते किंवा फोन ‘काढून टाकू का’ असे विचारतो. त्यात परवा फोन अचानक बोलू लागला, प्रत्येक गोष्ट वाचून दाखवू लागला आणि काहीच उघडेना. शेवटी फोन बंद करून ठेवला आहे.
— एक वाचक, वास्को

उत्तर : या दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. पहिलीचे मूळ वेळेत आहे. बोट टेकून लगेच उचलले तर तो ‘टॅप’, अर्धा-एक सेकंद टेकून राहिले तर ती ‘दाबून धरण्या’ची खूण. वडिलांचे बोट थरथरत तिथेच रेंगाळते आणि फोन दुसरा अर्थ घेतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात दाबून धरण्याचा अवधी वाढवता येतो, तो सर्वांत लांब ठेवावा. त्याच भागात काही फोनवर लागोपाठचे नको असलेले स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोय असते; आयफोनवर ती ‘टच अकोमोडेशन्स’ या नावाने आहे. सॅमसंगच्या होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंदही करता येते, मग ॲप हलणार नाहीत. चिन्हांचा आणि अक्षरांचा आकार वाढवावा. गूगलच्या मार्गदर्शनाप्रमाणे स्पर्श करण्याची जागा सुमारे ९ मिलिमीटर तरी असावी. थरथरत्या हातासाठी त्याच्या दुप्पट असली तरी जास्त नाही, तेव्हा पहिल्या स्क्रीनवर सहाच ॲप ठेवावीत आणि मध्ये मोकळी जागा सोडावी.

बोलणारा फोन बिघडलेला नाही. दृष्टिहीनांसाठी असलेली ‘टॉकबॅक’ ही सोय सुरू झाली आहे, आणि ती आवाजाची दोन्ही बटणे एकदम तीनेक सेकंद दाबली गेल्यानेही सुरू होऊ शकते. फोन घट्ट धरणाऱ्या हाताकडून हे सहज घडते. टॉकबॅक सुरू असताना सगळ्या खुणांचे अर्थ बदलतात : एकदा बोट लावले की फोन नुसते नाव वाचतो, ते उघडण्यासाठी लगोलग दोनदा टेकवावे लागते, एका बोटाने पान सरकत नाही, दोन बोटे लागतात, कुलूप उघडण्यासाठीही दोन बोटे वर सरकवावी लागतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही रचना विलक्षण विचारपूर्वक केलेली आहे, पण ठाऊक नसलेल्या माणसाला फोन बंद पडल्यासारखाच वाटतो.

वडिलांजवळ बसून आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबून धरावीत आणि मनात तीनपर्यंत मोजावे. फोन ‘टॉकबॅक बंद’ असे सांगून गप्प होईल. त्याच बटणांनी तो पुन्हा बोलू लागतो, तेव्हा वडिलांकडून चालू-बंद असे दोनतीनदा करून घ्यावे आणि मग सेटिंग्जमध्ये जाऊन या बटणांचा आडमार्ग बंद करून टाकावा. आवाजाची बटणे पूर्णपणे झाकणारे जाड कव्हर मात्र घेऊ नये. त्यातून ती दबून राहू शकतात.